मोजक्या अप्पांचे चार वाफे

मेथीचं बी टाकायच्या आधी घरातली तोंडं मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सातपूरच्या आमच्या कॉलनीत, आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे अप्पा. कारखान्यात ते माल तपासायच्या खात्यात होते. केसाएवढा फरक असलेला तुकडा बाजूला काढायचा, हेच काम तीस वर्षं केलेलं. निवृत्त झाल्यावर तीच नजर घेऊन ते परसात उतरले. चार खाटा कशाबशा मावतील एवढी जागा, तिचे चार वाफे, आणि त्यांच्यावर अप्पा, माई आणि त्यांचा मुलगा अशा तिघांनी वर्षभर जेवायचं. कॉलनीनं त्यांचं नाव ‘मोजके अप्पा’ ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि, मला वाटतं, आवडतही होतं.

मृग जवळ आला की ते जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर वाफे आखायचे आणि माईंना समोर बसवायचे. “आठवड्याला गवार किती बारी?” “तुम्ही द्याल तेवढी,” माई वैतागून म्हणायच्या. “तसं नाय चालत. आकडा सांग.” मग आकडा ठरायचा. मेथी, कोथिंबीर कधीच एकदम नाही. हातभर ओळ आज, हातभर आठ दिवसांनी. “एकदम पेरलं का एकदम खावं लागतं,” ते म्हणायचे, “अन् एकदम खाल्लेलं एकदम विटतं.” घोटीकडची त्यांची बोली तीस वर्षांच्या नोकरीनंतरही शाबूत होती.

परसाच्या कोपऱ्यात खताचा खड्डा होता. इतरांचे खड्डे भरले की लोक खूश होतात. अप्पांचा भरला की ते काळजीत पडायचे. मुळ्याचा पाला भाजीत, दोडक्याच्या शिरा चटणीत, कोथिंबिरीचे देठ आमटीत जायचे, त्यामुळे खड्ड्याला मिळायचं काय तर वाळकी पानं आणि चहाचा चोथा. एकदा त्यात चार जून भेंड्या दिसल्या, तर हा माणूस दिवसभर अस्वस्थ. “दोन झाडं जास्ती झाली,” संध्याकाळी ते मला कुंपणावरून म्हणाले, चोरी कबूल केल्याच्या आवाजात.

मी लग्न होऊन त्या कॉलनीत आले ती नव्वदच्या दशकाची निम्मी वर्षं सरली तेव्हा. दोनेक वर्षांनी, लेक रांगायला लागली होती त्या पावसाळ्यात, अप्पांचं बघून मलाही हुरूप आला आणि मी दुधीचे सहा वेल लावले. सहा! घरात आम्ही दोघं, लेक आणि तीन दात उरलेल्या सासूबाई. श्रावणात दुधी लागायला लागले ते थांबेचनात. दुधीची भाजी, दुधीचे पराठे, दुधीचा हलवा. आमचे हे पहिल्या पाळीला डबा न्यायचे, तो तसाच परत यायला लागला. मी पिशवीत दुधी घेऊन निघाले की शेजारणी दारं लोटून घ्यायच्या. शेवटी अप्पा कुंपणाशी आले आणि वेलांकडे बघत म्हणाले, “सूनबाई, दुधी पाव्हण्यासारखा असतो. एक आला तर लाड होतात, साऱ्यांनी एकदम मुक्काम ठोकला तर घर उठतं. बी टाकताना माणसं मोजली व्हती का?” मी रागावले. बियांच्या पुडीत सहाच बिया होत्या, मग काय करणार, असं काहीसं बोलले. पण त्यानंतर आजतागायत मी माणसं मोजल्याशिवाय बी टाकलेलं नाही.

तसा माणूस कंजूष नव्हता. पंचवटीच्या भाजीबाजारात संध्याकाळी पायदळी गेलेली भाजी दिसली की ते तोंड फिरवायचे. “कुणीतरी पाणी पाजून वाढवलीय ना ती,” एवढंच म्हणायचे. मुलगा नोकरीला पुण्याला गेला त्या वर्षी त्यांनी दोडक्याचा एक वेल कमी लावला. हिशेबानं बरोबरच होतं ते. पण मोकळ्या मांडवाकडे बघून माई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि मला वाटतं त्यांचंही बरोबर होतं.

मग मुलानं पुण्यात फ्लॅट घेतला, पाचव्या मजल्यावर, आणि दोघांना कायमचं तिकडेच न्यायचं ठरवलं. दसऱ्याला ताबा मिळणार होता. अप्पांनी कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि या खेपेला दसऱ्यापासून मागे मोजत आले. भेंडी गणपतीत संपली. शेवटची गवार सर्वपित्रीच्या पानात वाढली. दसऱ्याला चारही वाफे रिकामे, एक पान शिल्लक नाही. मी थक्क झाले. असलं चोख काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

आणि बिल्डरनं ताबा पुढे ढकलला. आधी महिना, मग आणखी महिना. बिल्डरच्या तारखा अप्पांच्या मोजमापात बसणाऱ्या नव्हत्या.

निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ते बाजारातून पालकाची जुडी घेऊन आले. दोघांना ती तीन दिवस पुरून उरली आणि चौथ्या दिवशी पिवळी पडली. त्यानंतर त्यांनी बाजारात जाणंच सोडलं. स्टूल टाकून रिकाम्या वाफ्यांसमोर बसून राहायचे. माई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाल्या, “पेरत नाहीत, तर जेवतही नाहीत गं. अशानं पुण्याला काय पोचतील हे?” त्यांचे डोळे भरले होते, आणि मीही घाबरले. अप्पांचे सदरे खांद्यावरून लोंबायला लागले होते.

मी तडक परसात गेले. “अप्पा, पेरा की काहीतरी.”

“अन् उद्या निरोप आला तर? खाणार कोण?”

“जो असेल तो खाईल!”

“तोंड दिसल्याबिगर बी टाकायचं नाय,” ते चिडून म्हणाले. मीही चिडले. बोलू नये ते बोलले, की अहो, तुमच्या मोजण्यापायी तुमच्याबरोबर माईही उपाशी मरतील. ते उठून आत गेले. तीन दिवस कुंपणाशी फिरकले नाहीत. मला तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी खुरप्याचा आवाज आला. एकच वाफा भुसभुशीत करून त्यांनी काहीतरी पेरलं. काय, ते मी विचारलं नाही; त्यांनी सांगितलं नाही. पाणी घालायला लागले, दोन घास जास्त जेवायला लागले, माईंचा चेहरा उजळला. मला तेवढं पुरे होतं.

संक्रांतीच्या आधी निरोप आला. टेम्पो भरला, तेव्हा वाफ्यात चार बोटं हिरवं उभं होतं. अप्पांनी किल्ली माझ्याकडे दिली. “आठ दिवसांनी काढ. उपटू नको, खुडून घे.” त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उभी भाजी मागे टाकली होती, आणि ती माझ्या आगाऊपणामुळे टाकावी लागली, हे मला फार लागलं. टेम्पो वळेपर्यंत मी त्यांच्याकडे नीट बघूही शकले नाही.

आठव्या दिवशी खुडायला बसले तेव्हा पाहिलं, चाकवत होता. बरोबर एका वेळच्या भाजीपुरता. ताक घालून पळीवाढी भाजी केली. संध्याकाळी पुण्याहून फोन आला.

“काढली का?”

“काढली, अप्पा. पण तुमच्या घरात तर चाकवत कुणी तोंडात धरत नाही. कोणासाठी पेरलात?”

“तुझ्या सासूबाईंना दुसरं काय चावतंय? आम्ही तर जाणारच व्हतो.” आणि लगेच त्यांनी विचारलं, “मऊ शिजली ना? खाल्ली का त्यांनी?”

मी रिसीव्हर सासूबाईंच्या हातात दिला.