गवताची शिंक

कडूबाई गवत विकायची आणि गवतानंच तिचं नाक वाहायचं. तिच्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हिला कडू नाव ठेवून मृत्यूला फसवलं होतं. मृत्यू फसला, नाकानं मात्र सूड घेतला. बाजरीला कणसं आली की हिचे डोळे लाल, नाक गळतंय आणि शिंका सुरू. दसऱ्यापर्यंत उसंत नाही. आज माझा भाचा डॉक्टर आहे, तो याला अॅलर्जी म्हणतो आणि गोळी लिहून देतो. त्या वेळी आमच्या गावात गोळीही नव्हती आणि शब्दही नव्हता. लोक तिला ‘शिंकरी’ म्हणत आणि कामाला निघताना ती समोर दिसली तर वाट बदलत.

पण चालायला तिच्यासारखी बाई मी पुन्हा पाहिली नाही. गवताचा भारा डोक्यावर घेऊन ती पाच कोस सेलूच्या बाजारात जायची आणि त्याच दिवशी परत यायची. असं नाक घेऊन शेतांमधून कसं चालायचं याचे तिनं नियम केले होते. निघण्यापूर्वी दोन्ही नाकपुड्यांना आतून तुपाचं बोट. तोंडावर ओलं फडकं, ते सुकलं की पुन्हा भिजवायचं. कमरेला ओव्याची पुरचुंडी, हुंगायला. प्रत्येक ओढ्याला थांबून ओंजळीतलं पाणी नाकानं ओढायचं आणि सोडायचं. डोळे कितीही खाजले तरी बोट लावायचं नाही. शिंक अगदी नाकाच्या शेंड्यावर आली तर वरचा ओठ बोटानं दाताशी दाबून धरायचा. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, काय चालायचं ते गवतावर पहाटेचं दहिवर आहे तोवर.

“दहिवर हाय तोवर फुलोरा दबून ऱ्हातो,” ती सांगायची. “ऊन चढलं की उडायला लागतो. मग मी माणूस न्हाई, फुंकणी.”

हे सगळं मला माहीत झालं ते १९४८ च्या श्रावणात, पोळ्याच्या आठ दिवस आधी. मी चौदा वर्षांची होते. माझे वडील दिनकरराव शाळामास्तर. ते स्टेट काँग्रेसच्या लोकांबरोबर निजामाच्या हद्दीपलीकडं, वऱ्हाडातल्या छावणीत गेले होते आणि त्यांच्या नावाचं वॉरंट चावडीत येऊन पडलं होतं. मास्तर सापडत नाही तर मास्तरची बायको आणि पोरगी उचलून आणायची, म्हणजे तो आपण होऊन येईल, असं रझाकारांचं ठरल्याचा निरोप आला. निरोप आणला कडूबाईनं. चावडीवरच्या घोड्यांना गवत तीच टाकायची. घोड्यांसमोर लोक काय वाटेल ते बोलतात, आणि गवतवालीला घोड्यातच धरतात.

“उद्या दुपारला येनार हायती,” ती आईला म्हणाली. “तुमी आन् पोर दहिवरातच निगा. मी नेते. बांधाबांधानं, सडक सोडून.”

आईनं होकार दिला. अडचण होती ती आमच्या आत्याची. पार्वतीआत्या बालविधवा, वडिलांची थोरली बहीण, घरात तिचा शब्द चाले. तिला मागं ठेवणं शक्य नव्हतं. आणि तिला शकुनाशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं.

उजाडताना आम्ही तिघी कडूबाईची जुनी लुगडी नेसून, हातात खुरपी घेऊन उंबऱ्यावर उभ्या होतो. आईनं देवापुढं सुपारी ठेवली. कडूबाईनं अंगणातून आपला गवत बांधायचा पटका उचलला, झटकला, आणि शिंकली.

“बसा,” आत्या म्हणाली.

आम्ही बसलो. निघताना शिंक झाली की बसायचं, गूळ खाऊन घोटभर पाणी प्यायचं, ती वेळ टळू द्यायची आणि मग उठायचं. आमच्याकडे कोणी याला विरोध केलेला मी पाहिला नव्हता. आई गूळ फोडायला आत गेली. पाणी पिऊन आम्ही उठलो. कडूबाई पुन्हा शिंकली.

“बसा.”

“आक्का,” कडूबाई म्हणाली, “माझी शिंक देवाची न्हाई, गवताची हाय.”

“शिंक ती शिंक. पोरीच्या जिवाशी मी खेळणार नाही.”

“तुमी बसायल्यात तवर तिकडं दहिवर वाळायलंय.”

“वाळू दे.”

एकूण चार वेळा बसलो. शेवटी कडूबाई आपला पटका घेऊन गावाबाहेर वडाखाली जाऊन थांबली, तेव्हा कुठं आमचं प्रस्थान झालं. दिवस चांगला हातभर वर आला होता. जिच्यामागं जायचं तिलाच घालवून मुहूर्त साधला, या शहाणपणाला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही. पण आत्याला मी हसणार नाही. तीही भ्याली होती. शकुन पाळणं एवढंच तिच्या हातात होतं.

देवगावच्या फाट्याच्या अलीकडे सडक ओलांडायची होती. सकाळी लवकर ती मोकळी असते, असा कडूबाईचा हिशेब. आम्ही पोहोचलो तेव्हा मोकळी नव्हती. टापा ऐकू आल्या आणि कडूबाईनं आम्हांला बाजरीत ढकललं. दोन घोडेस्वार आणि तीन पायी माणसं, खांद्यावर बंदुका. ते नेमके आमच्या समोरच्या बाभळीखाली थांबले. चाळीस पावलं असतील. कोणीतरी विडी पेटवली, तिचा वास आमच्यापर्यंत आला.

बाजरी पुरुषभर उंच होती आणि ऐन फुलोऱ्यात, तिच्या कडेनं ओढा. आम्ही आत शिरलो तेव्हा हललेल्या कणसांतून पिवळट भुकटी उतरत होती. आमच्या केसांवर, खांद्यांवर, आणि कडूबाईच्या तोंडावर.

मी तिच्याकडे पाहिलं. फडकं सुकलं होतं. डोळ्यांतून पाणी गालावर चाललं होतं आणि ती ते पुसत नव्हती. वरचा ओठ तिनं इतका दाबला होता की बोट पांढरं पडलं. ओव्याची पुरचुंडी नाकाशी धरली, सोडली, पुन्हा धरली. पाठ आतून उचलल्यासारखी हलली. आईनं मला छातीशी घट्ट धरलं होतं. तिच्या काळजाचे ठोके माझ्या कानात पडत होते आणि मला वाटत होतं, तेही सडकेवर ऐकू जात असतील. आत्याचे ओठ हलत होते. मी देवाचं नाव घेतलं नाही. मी फक्त एकच घोकत होते, शिंकू नको, शिंकू नको.

कडूबाईनं मान हलवली. जमणार नाही, असं.

मग ती आईच्या कानाशी आली. “सावली पायात आली आन् मी दिसले न्हाई, तर ह्या वढ्यानं वर चालू लागा, त्यो सडकंखालनं पल्याड जातो. वढ्यात फुलोरा न्हाई आन् मानूसबी न्हाई. माझी वाट बगू नका.”

एवढं बोलून ती रांगतच निघाली. नाक मुठीत दाबून. बांधाकडेनं, आमच्यापासून लांब लांब. एक शेत गेलं, दुसरं गेलं. मग खुरप्याचा आवाज आला, सरासर गवत कापल्याचा. आणि मग ती शिंकली. कोंडलेल्या सगळ्या शिंका एकामागून एक. मी सात मोजल्या.

“कौन है उधर?”

“घासवाली हाय, मालक.” भारा डोक्यावर घेऊन ती उघड्या सडकेनं बाभळीपर्यंत येऊन उभी राहिली होती. मला ताटांच्या फटीतून तिची पावलं तेवढी दिसत होती.

“किधर से आ रई? मास्टर की घरवाली घर में है क्या?”

“मला काय दिसतंय, बाबा. डोळं बगा की माझं.” आणि आणखी एक शिंक.

दुसरा कोणी हसला. “अरे जाने दो. सेलू के बाजार में बैठती ये. नाक बहती इसकी हमेशा.”

“नाक बहने दो. घास अच्छी है. चल, घोडों के साथ चल, चावडी पे डाल.”

ती त्यांच्याबरोबर गेली. मागं वळून पाहिलं नाही. शिंका लहान लहान होत गेल्या आणि मग ऐकू येईनाशा झाल्या.

आम्ही दुपारपर्यंत बाजरीत बसून राहिलो. सावली पायात आली. आत्या म्हणाली, “थोडं थांबू. येईल.” आई उठली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं नणंदेचं ऐकलं नाही. “वन्सं, तिनं सांगितलं तसं करायचं,” एवढंच बोलली आणि माझा हात धरून ओढ्यात उतरली.

ओढ्यात घोट्याएवढं पाणी. दगड निसरडे. वळणामागं काय आहे ते दिसत नव्हतं आणि मागं कोण आहे तेही. टिटवी ओरडली तरी आम्ही तिघी गोठून उभ्या राहायचो. चावडीत कडूबाईला काय विचारत असतील, हे मी मनात आणायचं नाही असं ठरवलं होतं आणि दुसरं काही मनात येतच नव्हतं. आत्या मागून चालत होती. दोनदा तिनं म्हटलं, “मी बसवलं.”

ऊन कलल्यावर मागून शिंक ऐकू आली.

आम्ही करंजाच्या मुळांआड दबलो. शिंक तिचीच होती, त्यात शंका नव्हती. पण ती एकटी होती का? मारून मुटकून वाट दाखवायला तिलाच पुढं घातलं असेल तर? आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. पुन्हा शिंक, अधिक जवळ. दगडावर पाऊल वाजलं. एकाचं की अनेकांचं, मला कळेना. भीतीनं मला लघवी झाली. आता या वयात हे लिहायला लाज कसली.

तेव्हा आत्या उठली. हातात खुरपं घेऊन सरळ ओढ्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. मला वाटतं, ती आपल्या चुकीसमोर उभी राहिली होती. जे येईल ते आधी तिच्यावर येणार होतं.

वळणावरून कडूबाई आली. एकटी. गालावर डोळ्यापासून हनुवटीपर्यंत चाबकाचा वळ.

“घोड्याच्या तोंडावर शिंकले,” ती म्हणाली. “घोडं बुजलं. स्वारानं मारलं आन् हाकलून दिलं. बरं झालं, न्हाईतर रातभर दळाय बसवलं असतं.” मग वाकून तिनं ओंजळीनं नाकात पाणी ओढलं, सोडलं, फडकं भिजवलं, जणू बाजाराची वाट होती.

ती आणखी एकदा शिंकली. मी सवयीनं आत्याकडे पाहिलं.

“चला,” आत्या म्हणाली. “बसायचं नाही.”

तिसऱ्या दिवशी पूर्णा ओलांडून आम्ही हद्दीपार झालो, दहिवरात चालून, ऊन चढलं की ओढ्यात दडून. वडील भेटले. कडूबाई त्याच वाटेनं परत फिरली, कारण तिची म्हैस घरी बांधलेली होती. आई रडली, थांब म्हणाली, तिनं ऐकलं नाही.

निजामाचं राज्य गेल्यावर आम्ही गावी परतलो. वळाचा डाग तिच्या गालावर शेवटपर्यंत राहिला. मी कॉलेजातून नाकाची गोळी आणून दिली. तिनं एकदा घेतली, गवतातच दिवसभर झोपली, आणि उरलेल्या माझ्या हातात परत ठेवल्या. आत्या पुढंही प्रत्येक शिंकेला बसत राहिली, माणसं बदलत नाहीत. फक्त कडूबाईची शिंक आमच्या घरात मोजत नसत. माझ्या लग्नात गाडी जुंपली तेव्हा ती अंगणात उभी राहून मोठ्यानं शिंकली. वऱ्हाडी थबकले, सासरच्या एका म्हाताऱ्यानं “बसा, बसा” म्हटलं. आत्यानं बैलाचा कासरा स्वतः उचलून गाडीवानाच्या हातात दिला.