फारेस्टभाऊंच्या घरातून आलेला आवाज

देवावर माझा विश्वास होता की नव्हता, हे टाळेबंदीच्या आधी मला कोणी विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. बातमी लिहिताना जे पडताळता येत नाही ते गाळायचं, ही सवय कामाच्या पहिल्या वर्षीच लागली होती. देव त्या गाळलेल्या भागात होता. पुढे जे लिहितो आहे, त्यातलाही बराचसा भाग मला पडताळता आलेला नाही.

धानोऱ्यात मी भाड्याच्या घरात राहायला आलो आणि त्याच आठवड्यात सगळं बंद झालं. बायको आणि मुलगी ब्रह्मपुरीला अडकल्या. गावोगावी रस्त्यांवर लाकडं आडवी टाकलेली, जंगलात मोहफुलं वेचायलाही लोक एकमेकांपासून अंतर ठेवून जात. मी फोनवरून बातम्या देत होतो. अशातच चंद्रपूरहून संपादकांनी सांगितलं, ‘टाळेबंदीत आत्महत्या वाढल्या का, ते बघा.’

मी पोलीस ठाण्यांना, डॉक्टरांना, पोलीस पाटलांना फोन केले. कोणी म्हणालं वाढल्या, कोणी म्हणालं उलट कमी झाल्या. एक डॉक्टर म्हणाले, ‘सध्या घरात सगळे एकमेकांच्या नजरेसमोर आहेत. सगळं उघडल्यावर विचारा.’ मी ते वाक्य बातमीत घेतलं. मी स्वतः मात्र कोणाच्याच नजरेसमोर नव्हतो. झोप उडाली होती. खोलीतून पडवीत, पडवीतून खोलीत, दिवसभर तेच. बायकोचा फोन आला की ‘ठीक आहे’ म्हणायचो आणि ठेवून द्यायचो. ज्यांच्याविषयी फोनवर विचारत होतो, त्यांच्यात आणि माझ्यात फार अंतर उरलं नाही, हे मला हळूहळू कळू लागलं होतं.

आमच्या आळीत संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना व्हायची. एकत्र जमायला बंदी आली तेव्हा रुखमाबाईंनी त्यातून वाट काढली. त्या शिवणकाम करायच्या आणि खंजिरी वाजवायच्या. तोंडाला पदर बांधून त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहत, खंजिरीवर थाप मारत आणि एकेका घराला हाक देत. घरातून ‘जय गुरू’ आलं की पुढचं घर. सगळ्यांचा आवाज आला की ज्याने-त्याने आपापल्या दारात उभं राहून प्रार्थना म्हणायची. माझ्या घरापाशी त्या हाक द्यायच्या, ‘फारेस्टभाऊ!’ आधीचे भाडेकरू वनरक्षक होते. त्यांची बदली झाल्याचं बाईंना माहीत नव्हतं. घर अंधारात दिसे, तेव्हा ‘जंगलात गेले असतील’ म्हणून त्या पुढे जात. ती हाक माझी नव्हती. मी ओ दिली नाही.

एका संध्याकाळी मी जगायचं नाही असं ठरवलं. त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. बातमीतही मी ते लिहीत नसे. बाहेर खंजिरी वाजली. हाक आली. मी गप्प राहिलो. बाई पुढे गेल्या नाहीत.

‘फारेस्टभाऊ! दिवा जळून राह्यला, मानूस बोलून नाई राह्यला. काऊन जी?’

पुन्हा थाप. पुन्हा हाक. समोरच्या दारातून लांजेवारभाऊ ओरडले, ‘ओ द्या ना भाऊ! तुमच्यापायी प्रार्थना अडली. इथी माहा भात करपून राह्यला!’

कोणीतरी हसलं. बाई हलल्या नाहीत. मला चीड आली. नावाची चूक डोळ्यांसमोर घडत होती आणि कोणी ती सुधारत नव्हतं. मी दार उघडलं आणि म्हणालो, ‘ते बदलून गेले. इथे मी राहतो.’

‘बदलून गेले? मंग इतके दिवस तुमी कुठी होते?’

‘इथेच.’

बाईंनी खंजिरीवर थाप मारली. ‘मंग म्हना जय गुरू.’

मी म्हणालो. प्रार्थना सुरू झाली तेव्हा मी चौकट धरून उभा होतो, आणि कडवं बदललं तेव्हा रडत होतो. प्रार्थना संपल्यावर बाई पायरीखाली येऊन अंतर ठेवून बसल्या. मी म्हणालो, ‘बाई, मला एकट्याला ठेवू नका.’ त्यांनी कारण विचारलं नाही. ‘नाई ठेवत,’ म्हणाल्या, आणि लांजेवारभाऊंना हाक मारली. ते ताट घेऊन आले. भात खरंच करपला होता. त्या दोघांसमोर बसून मी बायकोला फोन लावला आणि पहिल्यांदा ‘ठीक नाही’ म्हणालो. सकाळी ते मला ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेले. उपचार पुष्कळ दिवस चालले.

पडवीतला तो दिवा मी लावला नव्हता, असं मला वाटतं. वीज सारखी जात-येत होती, बटण आधीच दाबलेलं राहिलं असेल. खात्रीने काहीच सांगता येत नाही. आत्महत्यांचा जो आकडा वाढला नाही, त्यात कोण कोण होतं, हे कुठल्याच ठाण्याला विचारून कळत नाही. मी होतो, एवढं मला कळतं. त्याबद्दल ज्याचे आभार मानायचे, त्याचे मी रोज संध्याकाळी दारात उभा राहून मानतो. बायको आणि मुलगीही आता सोबत असतात.

रुखमाबाई अजून मला ‘फारेस्टभाऊ’च म्हणतात. ती चूक मी आता सुधारत नाही. हाक आली की ओ देतो.