पाय मोडक्या ‘न्’चं गाणं

आमच्या ऑफिसमध्ये स्टेपलर टिकत नाही, चांगला प्रोजेक्ट मॅनेजर टिकत नाही, फ्रिजमध्ये ठेवलेला डबा तर मुळीच टिकत नाही. किस्से मात्र टिकतात. शुक्रवारी एक घडला की सोमवारी किचनमध्ये चहा होईपर्यंत त्याला दोन पिल्लं झालेली असतात. म्हणून म्हटलं, खरे कसे घडले ते एकदा माझ्याकडून ऐकून ठेवा.

ऑफिस लंडनजवळच्या स्लाऊचं, ट्रेडिंग इस्टेटमधलं. कंपनी जपानी. साउथहॅम्प्टनला उतरलेला कंटेनर आता कुठे पोचलाय हे सांगणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. मी टेस्टिंग बघते, म्हणजे लोकांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. निखिल डेव्हलपर, नागपूरचा, म्हणजे चुका करणारा. तन्वी आमची डिझायनर, जन्म हाउन्सलोचा, मराठी घरापुरती. आणि आमचे साहेब वातानाबे-सान. ‘सान’ म्हणजे आपलं ‘राव’.

ह्या वातानाबे-सानच्या एकुलत्या एक मुलीचं सप्टेंबरात ओसाकाला लग्न होतं. तिने बापाकडे एकच गोष्ट मागितली होती, रिसेप्शनला सगळ्यांसमोर एक गाणं. आणि हे गृहस्थ चारचौघांत गात नाहीत. आयुष्यात एकदाही तसे गायलेले नाहीत. हे त्यांनी आम्हाला ऑडिटची तारीख सांगावी तशा चेहऱ्याने सांगितलं. पुढचं ऐकताना हे लग्न तेवढं लक्षात असू द्या.

*

गंमत म्हणजे कराओके आमच्याकडे आणलं त्यांनीच, तीन वर्षांपूर्वी. दर शुक्रवारी चार वाजता, ट्रेनिंग रूममध्ये. खेळ असा की एकाने जपानी गाणं म्हणायचं, त्या गाण्याच्या नावाचं शेवटचं अक्षर घेऊन पुढच्याने त्या अक्षराने सुरू होणारं गाणं म्हणायचं.

मी मनात म्हटलं, अरे, ह्या तर भेंड्या. पुण्यात मी सख्ख्या मावशांना भेंड्यांत रडवलेलं आहे. जपानीही पुण्यातच शिकले, त्याच जोरावर ही नोकरी. निखिल लहानपणापासून जपानी कार्टून बघून तयार झालेला. आम्ही बाह्या सरसावूनच बसलो.

पहिलं गाणं निखिलने म्हटलं. संपवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "घे, ‘न’ दिलाय तुला. ढिगानं गाणी आहेत, ऐश कर."

वातानाबे-साननी रजिस्टरात पट्टी धरून त्याच्या नावापुढे फुली मारली. "निखिल-सान, तुम्ही हरलात."

जपानीत नुसत्या पाय मोडक्या ‘न्’ने काहीच सुरू होत नाही. त्यामुळे ‘न्’वर संपणारं गाणं म्हणणारा जागच्या जागी बाद, खेळ खलास. निखिल दोन दिवस म्हणत होता, "काय बे, ज्या अक्षरावर आमच्याकडे अख्खी रात्र निघते, त्यावर इथे फाशी?"

त्याच दिवशी मी विचारलं, "वातानाबे-सान, तुम्ही कधी म्हणणार?"

"मला एकच गाणं येतं," ते म्हणाले. नाव सांगितलं. बंदरावरचं जुनं गाणं, ‘सा’ने सुरू, पाय मोडक्या ‘न्’वर शेवट. "म्हणजे मला म्हणता येणार नाही," असं म्हणून ते परीक्षकाच्या खुर्चीत अगदी समाधानाने बसले. जगातले सगळे खेळ सोडून ह्या माणसाने हाच का निवडला, ते मला तेव्हा कळलं.

*

मग मी एक वही केली. दोनशे पानी, अक्षरवार. सगळी जपानी गाणी देवनागरीत, कारण आपल्या बाराखडीत ती इतकी चपखल बसतात की इंग्रजी स्पेलिंगांच्या नादी कोणी लागू नये.

भेंड्या खेळणाऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. आपल्यापाशी गाणी किती, ह्याला महत्त्व नाही. समोरच्याला कुठलं अक्षर द्यायचं ते महत्त्वाचं. आपण ‘ठ’ आणि ‘ण’ राखून ठेवतो ना, तसं जपानीत ‘रु’ आहे. ‘रु’ने सुरू होणारी गाणी फार नाहीत. मी ‘रु’वर संपणारी एकतीस पाठ केली.

एका शुक्रवारी निखिलला मी ओळीने सहा ‘रु’ दिले. सातव्याला तो माइक खाली ठेवून म्हणाला, "तू घरी पण अशीच वागतेस का?"

"घरी भेंड्या खेळायची कोणाची हिंमत नाही," मी म्हटलं.

तीन वर्षांत माझ्या नावापुढे एकही फुली नाही. हे नम्रपणेही सांगता आलं असतं, पण कशाला?

*

तन्वीला देवनागरी वाचता येत नव्हतं. तिच्या आजीने दर रविवारी क्लासला पाठवून बघितलं, पाटी आणली, बक्षिसं लावली. ढिम्म. पण इथे माझ्या वहीशिवाय तिला गाणी मिळेनात. रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन विचारायची, "माधवी, तुझी वही कुठे ठेवला?" आणि एकेक अक्षर लावत बसायची.

सहा महिन्यांत घडाघडा वाचायला लागली. एकदा माझी वही घरी नेली आणि सोफ्यावर बसून वाचत होती. आजीने दारातून बघितलं. हातातली कणीक तशीच, डोळ्यांत पाणी.

"अगं बाई, वाचायला लागलीस? काय वाचतेस, बाळा?"

"जपानी," तन्वी म्हणाली.

*

एकदा तोक्योहून डायरेक्टर आले. वजनदार माणूस. सगळ्या ऑफिसने नवे शर्ट घातले होते. कराओकेत त्यांनी माइक घेतला, डोळे मिटले, आणि फार मनापासून गायला लागले.

दोन ओळी झाल्या. निखिलने बटण दाबून गाणं बंद केलं. "लेटर मिळालं, सर. थँक यू."

त्याचं काही चुकलं असं त्याला वाटलंच नाही. भेंड्यांत आपण हेच करतो. अक्षर आलं की गाणाऱ्याला तोडायचं, पुढचा तयारच असतो. डायरेक्टर माइक धरून उभेच.

आवाज कधीही न चढवणारे वातानाबे-सान खुर्चीतून उठले. चेहरा पांढरा पडलेला. "निखिल-सान, गाणं अर्धं सोडत नाहीत." त्यांनी स्वतः मशीन पहिल्यापासून लावलं. आम्ही चारही कडवी हात जोडून ऐकली.

नंतर कॉरिडॉरमध्ये मला म्हणाले, "अर्धं राहिलेलं गाणं मला सहन होत नाही. बसमध्ये बसून पुरं करतो."

"मोठ्याने म्हणता?"

"मनात."

*

लग्न जवळ आलं तसे आम्ही सगळे मागे लागलो. निखिल म्हणाला, खेळ संपल्यावर म्हणा. ते म्हणाले, खेळ संपला की शुक्रवार संपला. तन्वी म्हणाली, हा नियमच काढून टाकू. त्यावर त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की तिने आठवडाभर विषय काढला नाही.

मी पुण्याला आईला फोनवर सांगितलं, म्हटलं, लाजतोय बिचारा, आवाज बरा नसणार. आई म्हणाली, "आवाजाचं काय घेऊन बसलीस? मुलीच्या लग्नात बापाला रडू येतं. त्याला भीती ती आहे."

मी ते त्यांना जसंच्या तसं सांगितलं. टेस्टिंगवाल्यांना आडून बोलता येत नाही. ते खिडकीबाहेरच्या लॉऱ्या बघायला लागले. मग म्हणाले, "तिला झोपवताना तेच म्हणायचो. तिच्याशिवाय कोणी ऐकलेलं नाही. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा."

पण गायले नाहीत. मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला.

*

विमानाच्या आधीचा शेवटचा शुक्रवार. तन्वीने केक आणलेला. वातानाबे-सान परीक्षकाच्या खुर्चीत, समोर रजिस्टर, पट्टी, टोक केलेली पेन्सिल. निखिलचं गाणं संपलं आणि मला ‘सा’ आला.

‘सा’वर माझ्याकडे सत्तावीस गाणी आहेत. तन्वीने वहीचं पान काढून पुढेही केलं. मी वही मिटली आणि मशीनवर त्या बंदरावरच्या गाण्याचं नाव टाकलं.

"माधवी, हा ‘न्’वर संपतो," तन्वी कुजबुजली.

वातानाबे-साननी मान वर केली. पेन्सिल हातात तशीच.

मी म्हटलं ते गाणं. सूर माझा चांगला आहे. दोन ओळी म्हटल्या. मग भेंड्यांत थांबतो तशी थांबले आणि माइक टेबलावर ठेवून खाली बसले.

गाणं बंद कोणी केलं नाही. निखिलचा हात बटणापासून लांब होता. संगीत चालूच, पडद्यावर शब्द रंग बदलत पुढे चाललेले, आणि म्हणणारं कोणी नाही. एक ओळ गेली. दुसरी गेली. वातानाबे-सान पडद्याकडे बघत होते आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

तिसरी ओळ खुर्चीतून आली. माइक नाही, काही नाही. जाडाभरडा आवाज, सुराचा पत्ता नाही. दुसऱ्या कडव्याला ते उभे राहिले. तिसऱ्या कडव्यात आवाज भरून आला, एक पूर्ण ओळ गेली, पुढच्या ओळीला त्यांनी गाणं पुन्हा धरलं. शेवटपर्यंत म्हटलं. मी रडले, खोटं कशाला सांगू.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, खाली बसले, रजिस्टर ओढलं, पट्टी सरळ धरली आणि माझ्या नावापुढे तीन वर्षांतली पहिली फुली मारली.

"माधवी-सान, तुम्ही हरलात."

"हो."

"नियम माहीत होता ना?"

"विसरले," मी म्हटलं.