कापसानं माखलेली माय

आज वाडीतल्या माझ्या खोलीपुढं गादीवाल्यानं जुनी गादी उसवली. मशीन सुरू झाली, कापूस उडाला आणि त्या कोरड्या, नाकात बसणाऱ्या वासानं मला मिलच्या पाळणाघरात नेलं.

एकाहत्तरच्या लढाईचे दिवस होते. खिडक्यांना काळे कागद लावले होते आणि मिलमध्ये फौजेसाठी कापड निघत होतं. मी चार वर्षांची. माय कापूस पिंजायच्या खात्यात. एरवी सुट्टीत ती नळावर तोंड धुऊन, केस झटकून मला भेटायला यायची. लढाईत सुट्टी दहा मिनिटांवर आली, तेव्हा एक दिवस ती तशीच धावत आली. केस, भुवया, पापण्या, सगळं पांढरं. मी किंचाळून पाळणाघरातल्या बाईंना बिलगले.

"काहून रडून राहिली वं? मीच आहो ना, तुयी माय."

मी तोंड फिरवलं. भोंगा वाजला. माझ्यासाठी आणलेला गुळाचा खडा बाईंच्या हातात ठेवून ती परत गेली.

केस पिकायच्या आधीच माय वारली. या खोलीत आता मी एकटीच असते.

"मावशी, तिकडं सरका नं, डोक्यावर कापूस बसून राहिला," गादीवाला म्हणाला.

मी हलले नाही. म्हातारी झालेली माय मला तेवढी एकदाच दिसली होती, आणि मी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.