पोळ्यातली घोडी

माझ्या मामेसासऱ्यांइतका डोक्याला ताप देणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल. माझ्या जुईला सेरेब्रल पाल्सी आहे. पाय ताठ, पाठीत जोर नाही. घोड्याच्या चालीने पाठीला बळ येतं असं फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, आणि मामांनी चांदूर बाजारच्या आपल्या संत्र्याच्या बागेत थेट घोडीच आणून बांधली. बाईंनी शिकवलं तशी ते ती चालवतात, पण वेळेचं नाव काढू नका. आम्ही अमरावतीहून धावतपळत यावं, तर घोडीचं खाणं व्हायचंय. जुईला बसवावं, तर मामा आधी घोडीची परवानगी काढणार. घोडीला 'बाईसाहेब', मला 'काय वं'. बांधावरून कुणी "बिचारी पोर" म्हणालं, की मामांनी घोडी थांबवलीच. "बिचारी कोन? तुले तरी येते का घोड्यावर बसता?" मग अर्धा तास भांडण, वर जुई खिदळतेय आणि मी कपाळाला हात लावून उभी.

मला घाई होती. आधाराशिवाय बसता आलं तरच वर्गात घेऊ, असं शाळेने सांगितलं होतं.

पोळ्याला तर मामांनी हद्द केली. तोरणाखाली बैलांच्या रांगेत झूल पांघरलेली घोडी आणि वर जुई! मी तिची पाठ धरून, शरमेने अर्धी झालेली. "मामा, पोळा बैलाइचा असते!" लोक ओरडले.

"हे कामाचं जनावर नोहे का? पोट्टीची पाठ उभी करून राहिली. इचा मान काहून नाही?"

कुणी हसलं, कुणी चिडलं. शेवटी शेजारच्या काकूंनी वैतागून पूजेचं ताट माझ्यापुढे केलं, "घे माय, ओवाळ आन् मिटव." ओवाळणीचं ताट एका हाताने कुणी घेतं का? मी दोन्ही हातांनी घेतलं. घोडीला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि मग माझ्या लक्षात आलं. जुईच्या पाठीला माझा हातच नव्हता. मामांनी फक्त तिचा पाय धरला होता. ती ताठ बसून बैल बघत होती.

"बोलू नको," मामा हळूच म्हणाले. "बसू दे तिले."

आता जुई वर्गात बाकावर बसते. बागेत जाणं होतं ते कधीमधी रविवारी. मामा मात्र रोज संध्याकाळी रिकामी घोडी तेवढेच फेरे फिरवतात आणि मला फोन करतात, "घोडी वाट पाहून राहिली ना वं." मी चिडते, अभ्यास आहे म्हणून सांगते. फोन ठेवल्यावर फार वाईट वाटतं.