यू म्हणजे तू की तुम्ही

बुलढाण्यात एका कापड दुकानाच्या वर जीवनसरांचा क्लास आहे. पाटीवर लिहिलंय, 'व्यवहारी इंग्रजी : मुलाखत, अर्ज, संभाषण.' पाटीवर नसलेली एक चौथी गोष्टही तिथे शिकवली जाते, आणि ती कॉलेजातल्या सगळ्या पोरांना ठाऊक आहे. क्लास सुटला की एखादा मागे रेंगाळतो, मोबाइल पुढे करतो आणि खालच्या मानेनं विचारतो, "सर, तिनं असं लिहिलं. आता मी काय लिहू?"

सर हसत नाहीत. वाचतात आणि दोन ओळी सांगतात. "लहान वाक्य लिहायचं बे. फूल, चंद्र, तारे काही आणायचं नाही. ती आज काय म्हणाली ते तुले आठवते, एवढं तिले समजलं पाहिजे." एकानं एका मुलीला 'आय वॉन्ट टू मॅरेज विथ यू' असं लिहून पाठवलं होतं. तो आठवडाभर कॉलेजला गेला नाही. त्याचंही वाक्य सरांनीच दुरुस्त करून दिलं.

जीवन देऊळघाटचा. वडील कडूबा आणि आई रुखमाबाई, तीन एकर भाजीपाला. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. पहाटे जुड्या बांधायच्या आणि गाडी आली की बुलढाण्याच्या बाजारात पाठवायच्या, यातच सगळी हयात गेलेली माणसं. जीवन बारावीला इंग्रजीत नापास झाला आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा झाला. कडूबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "जाऊ दे. मेथीले काही इंग्रजी लागत नाही."

रागावले असते तर बरं झालं असतं. ते वाक्य पोराच्या काळजात जाऊन बसलं. त्यानं रद्दीवाल्याकडून व्याकरणाचं एक पुस्तक आणलं आणि वांग्याला पाणी देता देता मोठ्यानं वाक्यं म्हणायला लागला. शेजारच्या शेतातली माणसं थांबून बघायची. तिसऱ्या वेळेला तो पास झाला, मग इंग्रजी घेऊनच बी.ए. केलं. फक्त एक राहून गेलं. त्याच्याशी इंग्रजीत बोलायला समोर कुणीच नव्हतं. तोच बोलायचा आणि तोच ऐकायचा.

पंचविसाव्या वर्षी त्यानं क्लास काढला आणि तो चालला. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' या प्रश्नाला 'मायसेल्फ अमुक अमुक' असं उत्तर द्यायचं नाही, हे त्यानं शेकडो पोरापोरींच्या डोक्यात घातलं. कुणी पतपेढीत लागलं, कुणी संभाजीनगरच्या कारखान्यात. पेढे घेऊन यायचे. कडूबाही बाजारात ओळखीच्यांना सांगायला लागले, "आमचा जीवन इंग्रजीचा सर आहे."

सुचिता क्लासला आली तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. ती सुलतानपूरची. वडील अर्जुनराव, चांगली शेतीवाडी. मुलगी बी.कॉम. झालेली आणि बुलढाण्यात मावशीकडे, अंबूबाईंकडे राहायला आलेली. तिला पुण्यात नोकरी हवी होती. तिचं व्याकरण बरं होतं, पण मुलाखतीचा सराव सुरू झाला की ती पहिल्याच प्रश्नाला अडायची.

"सर, स्वतःची तारीफ स्वतःच कशी करायची? मले लाज वाटते."

"मराठीत वाटन," जीवन म्हणाला. "इंग्रजीत नाही वाटत. करून पाह्य."

ती उभी राहिली, खिडकीकडे बघत म्हणाली, "आय ॲम हार्डवर्किंग. आय ॲम ऑनेस्ट. आय लर्न फास्ट." आणि मग हसायला लागली. "खरंच की हो सर! काहीच नाही वाटलं."

तेव्हापासून तिचा धीर चेपला. रोज संध्याकाळी साडेसातला दहा वाक्यं लिहून मोबाइलवर पाठवायची, असा तिचा गृहपाठ ठरला. दिवसभरात जे घडलं ते लिहायचं. मावशीच्या घरी पाहुणे आले, मांजरानं दूध सांडलं, भाजी खारट झाली. जीवन चुका दुरुस्त करून परत पाठवायचा. एकदा त्याला ताप आला आणि क्लास बंद राहिला. त्या संध्याकाळी दहांऐवजी दोनच वाक्यं आली. 'क्लास वॉज क्लोज्ड टुडे. आय डिड नॉट लाइक द डे.'

अंगात ताप असताना त्यानं ती दोन वाक्यं कितीदा वाचली याला गणती नाही. शेवटी उत्तर लिहिलं, 'नो मिस्टेक.'

तिथून सुरू झालं. इंग्रजीत. 'आय मिस यू' लिहिणं सोपं होतं. तेच मराठीत लिहायचं तर त्यानं दहादा खोडलं असतं. शिवाय इंग्रजीत एक मोठी सोय होती. 'यू' म्हणजे तू की तुम्ही, हे ठरवायची गरज नव्हती. समोर आली की ती त्याला 'सर, तुम्ही' म्हणायची, अगदी अदबीनं. मोबाइलवर तीच त्याला 'यू' म्हणायची, आणि त्या 'यू'मध्ये काय काय असायचं ते दोघांनाच माहीत.

समोरासमोर मात्र गाडी पुढे सरकत नव्हती. दिवाळीला ती गावी निघाली तेव्हा तो बसस्थानकावर सोडायला गेला. अर्धा तास दोघं फलाटावर उभे होते. तो म्हणाला, "गाडी वेळेवर येईन असं वाटते." ती म्हणाली, "हाव. गर्दी दिसून राह्यली पण." एवढंच झालं. गाडी गावाबाहेर पडायच्या आत तिचा मेसेज आला, चांगला सहा ओळींचा. तो फलाटावरच उभा राहून वाचत होता आणि भोवतालचा सगळा गलका त्याला ऐकू येईनासा झाला होता.

फेब्रुवारीत तिची पुण्याच्या एका कंपनीत निवड झाली. ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या आणि सोडवायच्या, असं काम. ती धावत जिना चढून आली आणि सगळ्या बॅचसमोर म्हणाली, "सर, माझ्या तोंडात शब्द तुमचेच होते." जीवननं त्या दिवशी सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली. रात्री जेवण मात्र गेलं नाही.

पुण्याहून मेसेज येत राहिले. हळूहळू ते बदलत गेले. वाक्यं तुटक झाली, पटकन बोलल्यासारखी. काही शब्द त्याला कोशात शोधावे लागायचे. आता दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नसायचं. वर्षभरानं तिनं लिहिलं की बाबा स्थळं बघतायत. त्यांना नोकरीवाला मुलगा हवाय. आमच्या कंपनीत नव्या मुलांना इंग्रजी शिकवायला माणूस पाहिजे, मी तुमचं नाव दिलंय, या.

जीवननं आयुष्यात एवढी तयारी कधी केली नव्हती. दुसऱ्यांना हजारदा विचारलेले प्रश्न तो आरशासमोर स्वतःला विचारत होता. रुखमाबाईंनी नवा शर्ट इस्त्री करून दिला. कशाला जातोय हे त्यांनी विचारलं, तर "कामासाठी" एवढंच म्हणाला.

कंपनीत दोन माणसं टेबलापलीकडे होती आणि तिसरी एक बाई समोरच्या पडद्यावर, बंगळुरूहून बोलणारी. प्रश्न तिनंच विचारला. जीवनला त्यातले दोनच शब्द कळले. तो म्हणाला, "पार्डन?" तिनं पुन्हा विचारलं, तितक्याच वेगानं. तो पुन्हा म्हणाला, "पार्डन?" तिसऱ्या वेळी त्याचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. मग त्यानं न कळलेल्या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर दिलं. आय ॲम हार्डवर्किंग. आय ॲम ऑनेस्ट. पडद्यावरची बाई खाली बघून काहीतरी लिहायला लागली.

टेबलापलीकडचा एकजण भला माणूस होता. म्हणाला, "सर, मराठीत सांगा ना. चालेल आम्हाला."

ते फार लागलं. मराठीत काय सांगणार? तो म्हणाला, "मी सहा वर्षं झाले शिकवून राह्यलो..." आणि थांबला. दुसऱ्या माणसाच्या ओठांवर हसू आलं होतं. ते वाईट हसू नव्हतं. गावाकडचा माणूस भेटल्यावर येतं तसलं होतं. पण जीवनला ते सहन झालं नाही. थँक यू म्हणून तो उठला.

बाहेर काचेच्या भिंतीपलीकडे कॅन्टीन होतं. सुचिता तिथे त्याची वाट बघत बसली होती. तिच्यासोबत चारपाच जण होते आणि ती त्यांना काहीतरी सांगत होती. भराभर, हातवारे करत, हसत. काच असल्यामुळे ऐकू येत नव्हतं. जीवनला मात्र वाटलं, ऐकू आलं असतं तरी आपल्याला समजलं नसतं. टेबलावर त्याच्यासाठी एक ताट झाकून ठेवलेलं होतं. तो तसाच वळला, जिन्यानं खाली उतरला आणि रिक्षा करून थेट बसस्थानकावर गेला.

गाडी नगरच्या पुढे गेली तेव्हा मेसेज आला, 'व्हेअर आर यू?' त्यानं लिहिलं, 'सम अर्जंट वर्क.' तिनं फोन केला. तीनदा केला. त्यानं उचलला नाही. बराच वेळ काही आलं नाही. मग पडद्यावर मराठी अक्षरं उमटली. तिचा त्याला आलेला तो पहिला मराठी मेसेज.

'तू काऊन निघून गेला रे न भेटता? मी जेवली नाही अजून.'

तू. जीवन खिडकीशी डोकं टेकून बसला. त्यानं लिहायला घेतलं. मले लाज वाटली, असं लिहिलं. खोडलं. तू लय पुढं गेली, असं लिहिलं आणि तेही खोडलं. शेजारची म्हातारी विचारत होती, "बाबू, बरं नाही का?" शेवटी त्यानं तेच लिहिलं जे तो पोरांना अर्जाच्या शेवटी लिहायला शिकवायचा. 'ऑल द बेस्ट फॉर युवर फ्युचर.' आणि पाठवून दिलं.

सुचिता एवढ्यावर सोडणारी नव्हती. पाडव्याला सुट्टी काढून ती बुलढाण्याला आली आणि बॅच चालू असताना मागच्या बाकावर येऊन बसली. जीवन फळ्यावर भूतकाळ शिकवत होता. खडू दोनदा मोडला. पोरं गेल्यावर ती उठून पुढे आली.

"बोला," ती म्हणाली. पुन्हा तुम्हीवर आली होती. "तुमच्या मनात काय आहे ते सांगा. इंग्रजीत नको."

जीवन टेबलावरचे कागद सारखे करत राहिला.

"नोकरी भेटली नाही त्याचं मले काही नाही. मी बाबाले समजावलं असतं. अजून पण समजावीन. पण सांगू काय? मंग तुमी काही तरी बोलान तं सांगीन ना."

"मले सुचूनच नाही राह्यलं काही," तो म्हणाला.

"एवढे दिवस तं लय सुचत होतं."

त्यानं डस्टर उचलून फळा पुसायला घेतला. खालच्या दुकानातला माणूस कापड फाडत होता, त्याचा आवाज वर येत होता. तिनं वाट पाहिली. बरीच पाहिली. मग तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "माझ्या मावशीले मी सांगून आली होती, की आज सगळं ठरवूनच येतो म्हणून." आणि गेली. तो जिन्यापर्यंतसुद्धा गेला नाही.

वर्षाच्या आत तिचं लग्न झालं. मुलगा चिखलीकडचा, पुण्यातच नोकरीला. जीवनला अंबूबाईंकडून कळलं. त्या बाजारात कडूबांकडे वांगी घेत होत्या आणि सहज बोलून गेल्या, की पोरीच्या लग्नात सरांना बोलवायचं राहूनच गेलं.

कडूबांनी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे जीवन आईसोबत मेथी बांधायला बसला. एरवी तो बसायचा नाही. रुखमाबाईंनी काही वेळ त्याच्या हातांकडे पाहिलं. जुड्या सैल बांधल्या जात होत्या.

"कोण होती ती पोरगी?" त्यांनी विचारलं.

आणि जीवन बोलायला लागला. फलाटावरची ती दिवाळी, तापातली दोन वाक्यं, काचेपलीकडचं झाकलेलं ताट, सगळं सांगितलं. "मा, मी तिले सोडून नाही आलो, मी माझंच तोंड लपवाले पळालो. ती क्लासमध्ये आली तं मले वाटलं, हिनं मले इथला सर म्हणूनच पाहावं, पुण्यात हरलेला पाहूच नये. ती हसली की मले दिवस गोड लागे. अजून पण संध्याकाळी साडेसात वाजले की हात मोबाइलकडं जाते." एकही शब्द अडला नाही. बोलता बोलता तो रडत होता आणि रडता रडता बोलत होता.

रुखमाबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. "हे तिले सांगितलं का रे कधी?"

"नाही."

 ओल्या हातानं त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, केसांत मेथीची दोनचार पानं अडकली. मग त्यानं सैल बांधलेल्या जुड्या त्यांनी एकेक करून सोडल्या आणि पुन्हा घट्ट बांधायला घेतल्या. रस्त्यावर गाडीवाल्यानं हॉर्न दिला. जीवन उठला आणि अजून बांधायच्या राहिलेल्या मेथीकडे बघून गाडीवाल्याला ओरडून म्हणाला, "पाच मिनटं थांब बे!"