कासवाच्या पिल्लांची माय

उमरखेडजवळच्या ढाणकीच्या बाजारात सुक्या मासळीचा वास आला की माझी पावलं थबकतात. तो वास मला थेट कोकणात नेतो. हे एसटीत ड्रायव्हर होते आणि लग्नानंतर लगेच तिकडच्या डेपोत बदली झाली होती. ओळखीचं कोणीच नव्हतं.

एका पहाटे शेजारच्या आनंदीकाकू आम्हा दोघांना किनाऱ्यावर घेऊन गेल्या. समुद्री कासवांची अंडी कोल्ह्याकुत्र्यांनी खाऊ नयेत म्हणून गावकऱ्यांनी ती जाळीच्या कुंपणात पुरून राखली होती. त्या जागेवर पालथी घातलेली टोपली उचलली तशी वाळू हलली आणि तळहाताएवढीही नसलेली काळी पिल्लं बाहेर आली. गार, ओल्या वाळूवरून ती धडपडत पाण्याकडे निघाली. गावच्या बायका दोन्ही बाजूंना उभ्या राहून कावळे हाकलत होत्या.

"यायची माय कुठी आहे वो?" ह्यांनी विचारलं.

"ती अंडी घालून गेली. परत बघायला येत नाय," काकू म्हणाल्या.

"मंग यायच्याकडे कोन पाह्यते?"

"आमी हाव ना!"

ह्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले. वाळू गेली म्हणाले, मला ते खरंच वाटलं.

ह्यांची आई ह्यांना पाळण्यात ठेवून वारली होती. गावातल्या बायकांनी आळीपाळीनं दूध पाजून त्यांना वाढवलं होतं. आता हे नाहीत. उमरखेडच्या घरी संध्याकाळी एकटी बसले असताना एक दिवस मला ते डोळे पुसणं उमगलं. "अवो, मले आता समजलं," असं मी मोठ्यानं बोलूनही गेले. घरात ऐकायला कोणी नव्हतं.